बसलेला गडी

खव्याच्या भट्टीवर सिनेमा बघायचा तर आधी मोबाइल कुठे टेकवायचा हे ठरवावं लागतं. कढईजवळ ठेवला की वाफेनं काच धुरकटते, लांब ठेवला की माणसं मुंगीएवढी दिसतात. शेवटी आम्ही तो दुधाच्या रिकाम्या कॅनवर, पाच किलोच्या मापाला टेकवून उभा केला. मापाची मूठ चित्राच्या कोपऱ्यात येत होती. त्यामुळे त्या रात्री अमेरिकेतले दोन दांडगे मुष्टियोद्धे अधूनमधून भूम तालुक्यातल्या एका लोखंडी मुठीमागे जाऊन लपत होते.

नोव्हेंबर २०२३. दिवाळी नुकतीच उरकली होती आणि आम्ही दोघं मोटारसायकलवर धाराशिवला जाऊन महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती बघून आलो होतो. त्या महिन्यात महाराष्ट्र केसरी दोनदा झाली. आधी पुण्याजवळ फुलगावला झाली, तिथं सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला बघता बघता आस्मान दाखवलं. मग दुसऱ्या संघटनेची आमच्या धाराशिवला, आणि तिथं तोच राक्षे हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेऊन गेला. एकाच किताबाचे एकाच महिन्यात दोन धनी. कोण खरा, यावर येताना सगळी वाट आमची चर्चा चालली होती. माझ्या मित्राचं मत पडलं की किताब खरा का खोटा ते जाऊ दे, पण हरलेल्या माणसाला दोन आठवड्यांत दुसरी माती मिळाली हे लई झालं. बाकीच्यांना जन्मात मिळत नाही.

हे बोलून तो गप्प झाला. मी मागे बसलो होतो, त्याचं तोंड मला दिसलं नाही.

हा माझा मित्र म्हणजे तालमीतला माझा जोड आणि शाळेच्या खो-खो संघातला शेजारच्या चौकोनातला गडी. आता त्याची भट्टी आहे. आमच्या भागात म्हैस दूध देते आणि माणसं ते आटवत बसतात. पाच लिटर दुधामागे साधारण किलोभर खवा निघतो, बाकीचं सगळं आभाळात जातं. कुंथलगिरीचा पेढा लोकांना ठाऊक असतो. त्या पेढ्यामागे कुणाचे दंड भरून येतात हे त्यांनी कशाला विचारावं. माझ्या मित्राचे दंड अजून पैलवानाचे आहेत, जोर-बैठका सोडून पंचवीस वर्षं झाली तरी. ते उलथण्यानं राखले.

दुसऱ्या दिवशी रात्री शेवटची कढई चढवल्यावर तो म्हणाला, कुस्तीचा एखादा पिक्चर लाव की. मी 'क्रीड ३' लावला. कुस्तीचा नव्हे, बॉक्सिंगचा, आणि इंग्रजी. मी मधेमधे सांगत जाईन, असं ठरलं. या 'सांगत जाईन'वर पुढे यायचंच आहे.

या सिनेमाचं घराणं मोठं आहे. १९७६ चा 'रॉकी' सिल्व्हेस्टर स्टॅलननं स्वतः लिहिला, नायकही तोच झाला, पण दिग्दर्शक होता जॉन अ‍ॅव्हिल्डसन. उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्या सिनेमाला मिळालं. त्याच्या शेवटी रॉकी हरतो. पंधरा फेऱ्या मार खाऊन उभा राहतो आणि गुणांवर हरतो. लोकांना तो त्या हरण्यासाठीच आवडला असं मला वाटतं. तीन वर्षांनी 'रॉकी २' आला. या वेळी दिग्दर्शकाची खुर्चीही स्टॅलननं घेतली, आणि रॉकी जिंकला. शेवटच्या फेरीत दोघंही कोसळतात, पंच आकडे मोजायला लागतो आणि दहा व्हायच्या आत रॉकी तेवढा उठतो. पुढचे दोन भागही स्टॅलननंच केले, दोन्हींत तोच जिंकला. मग पुढची पिढी आली. रॉकीचा प्रतिस्पर्धी आणि पुढे दोस्त झालेला अपोलो क्रीड, त्याचा मुलगा अ‍ॅडोनिस. २०१५ चा 'क्रीड' रायन कूग्लरनं केला, त्यात नायक मायकेल बी. जॉर्डन गुणांवर हरतो. तिसरा भाग २०२३ च्या मार्चमध्ये आला तेव्हा जॉर्डन स्वतः दिग्दर्शक झाला होता. पहिलाच प्रयत्न. आणि शेवटी काय होतं ते आता सांगायला नको.

हा हिशोब मी मित्राला सांगितला. तो कढईच्या कडेला चिकटलेली साय खरवडत होता.

"म्हंजे हिरो बी तोच, अन् कोण कवा पडायचं ते ठरवणारा बी तोच?"

"हो."

"मंग नूराच की लेका."

नूरा म्हणजे ठरवून घेतलेली कुस्ती. दोन पैलवान आधी बसून बोलून घेतात, फडात अर्धा तास खडाखडी करतात, धूळ उडवतात, आणि बक्षीस वाटून घेतात. आमच्या जत्रेत नूरा ओळखणारी म्हातारी माणसं असायची. पैलवानांच्या मानेकडं बघून ती सांगायची. खरी कुस्ती असली की मान ताठते, नूरा असली की मान मोकळी राहते. दोन कुस्त्या अशा दिसल्या की फडातून आरडाओरडा सुरू व्हायचा आणि पंचकमिटी नारळ परत मागायची. सिनेमातली लढत अर्थात नूराच असते, त्याला कुणाची ना नाही. मित्राचं बोट दुसरीकडं होतं. सगळेच नूरा खेळतात, पण इथं दोघांपैकी एकानंच ठरवलं होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. अ‍ॅडोनिस आणि डेमियन लहानपणी अनाथ मुलांच्या एकाच घरात वाढलेले. डेमियन थोरला, हौशी मुष्टियुद्धातला गाजलेला पोरगा. हा त्याची बॅग उचलून मागे मागे फिरणारा. एका रात्री दुकानाबाहेर अ‍ॅडोनिस एका माणसावर हात टाकतो, मारामारी होते, डेमियन पिस्तूल काढतो. पोलीस येतात. धाकटा पळतो, थोरला सापडतो. अठरा वर्षं. इकडे धाकट्याला बापाचं नाव मिळतं, जगज्जेतेपद मिळतं. आणि एके दिवशी तालमीतून बाहेर पडताना त्याच्या गाडीला टेकून एक माणूस उभा असतो. त्याला तो आधी ओळखतसुद्धा नाही.

हा प्रसंग जॉर्डननं फार चांगला घेतला आहे. आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीताचा गोंगाट नाही. जोनाथन मेजर्स हा डेमियन झालेला नट नुसता उभा राहतो, पण अंगातलं सगळं बळ मुठीत धरून, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं अवघडलेलं हसू. अशा माणसाला चहा पाजावा की दार लावून घ्यावं, ते कळत नाही. स्वतः नायक असताना सिनेमातली उत्तम भूमिका दुसऱ्याच्या पदरात घालणं हे मोठ्या मनाचं काम आहे. आपल्याकडचे नट-दिग्दर्शक यात सहसा कमी पडतात. नावं घेत नाही.

मित्र त्या प्रसंगाला उलथणं थांबवून बघत होता. मग म्हणाला, "ह्यो बसून ऱ्हायलेला गडी हाय."

हे मी अमेरिकेतल्या कुठल्याही समीक्षकाच्या तोंडून ऐकलं नसतं. बसलेला गडी हा खो-खोतला शब्द, आणि धाराशिव हा खो-खोचा जिल्हा आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं आणणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथली; २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या शाळांत मैदान असो नसो, दोन खांब असतातच. खो-खोत आठ जण चौकोनात उकिडवे बसतात, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून. नववा समोरच्या संघातल्या पळत्या गड्यामागे पळत असतो. बसलेल्याच्या पायांत कितीही वारं भरलेलं असो, त्याला आपण होऊन उठता येत नाही. मागून पाठीवर थाप पडावी लागते आणि कानावर शब्द यावा लागतो, मगच. न मिळाल्या खोवर उठलात तर फाउल. पळती समोरून हातभर अंतरावरून जाते, ती आपल्यालाच घावेल हे दिसत असतं, आणि आपण गुडघ्यावर तळवे टेकून बसलेले असतो. पळणाऱ्याचं दमणं लोकांना दिसतं. बसणाऱ्याच्या मांड्या कशा पेटतात ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

दहावीत तालुक्याच्या सामन्यात शेवटचं मिनिट चालू होतं आणि मी पळत होतो. समोरच्या संघातला पोरगा खांबाकडे वळला. माझा मित्र शेवटच्या चौकोनात, तोंड बरोब्बर त्याच दिशेला. "दे," तो म्हणाला, ओठ न हलवता. मी दिला नाही. मी खांबावर सूर मारला. तो फोटोत चांगला दिसला असता, पण फोटो काढणारं कुणी नव्हतं आणि बोटांना नुसती हवा लागली. एका गुणानं गेलो. सामना संपल्यावर त्यानं माझ्या कोपरात रुतलेला मुरूम नखानं काढला आणि म्हणाला, "लई लागलं का?"

सूर मारायची खोड पुढेही गेली नाही.

बारावी झाल्यावर, १९९६ मध्ये, मी पुण्याला गेलो. ठरलं असं होतं की मी खोली बघायची आणि बघितली की त्याला कळवायचं. त्याच्या वडिलांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर भट्टी. खोली मला दोन महिन्यांत मिळाली. चौघांची होती, चौथी खाट रिकामी. पण बाकीचे दोघं पुण्याचं बोलणारे होते, आणि मी नुकताच 'हाय' आणि 'न्हाई' जिभेवरून खरवडून काढले होते. तो आला असता तर पहिल्याच दिवशी माझं सगळं उघडं पडलं असतं. इतकंच कारण. त्याचं आंतरदेशीय पत्र आलं. मी त्याला उत्तर लिहिलं की खोलीचं अजून जमत नाहीये, जमलं की कळवतो. हे मी त्याच खोलीत, त्या रिकाम्या खाटेवर बसून लिहिलं. दुसरं पत्र आलं त्याला उत्तर दिलं नाही. तिसरं आलं नाही. त्या पावसाळ्याच्या शेवटी चौथ्या खाटेवर सांगलीचा एक मुलगा आला. माणूस चांगला होता.

सिनेमातही पत्रं आहेत. डेमियननं तुरुंगातून कितीतरी पत्रं लिहिलेली असतात आणि ती अ‍ॅडोनिसपर्यंत पोचलेलीच नसतात. त्याच्या सावत्र आईनं ती लपवून ठेवलेली असतात. मुलाचं भलं व्हावं म्हणून. इथं मला दिग्दर्शकाचा राग आला. नायकाला ही पळवाट कशाला हवी होती? पत्रं मिळाली आणि तरी लिहिलं नाही, असा माणूस पडद्यावर उभा करायला काय हरकत होती? पण तो चेहरा जॉर्डनला स्वतःच्याच खांद्यावर वागवायचा होता. कॅमेरा आपल्या हातात, चेहराही आपलाच. अशा वेळी माणूस आईवर ढकलतो. दुसऱ्या कुणी दिग्दर्शकानं कदाचित ढकललं नसतं. शिवाय शेवटी नायकानं जिंकायचं म्हणजे डेमियनला मध्यंतरानंतर काळं करणं आलं. तो कट करतो, दुसऱ्या पैलवानाचा हात मोडवतो, लढतीत कोपरं मारतो. अठरा वर्षं बसलेला माणूस नुसता रागावलेला असून भागत नाही, तो वाईटही असावा लागतो. तरच त्याला पाडताना प्रेक्षकाच्या टाळीला डाग लागत नाही.

पत्रांचा तो प्रसंग चालू असताना मित्रानं विचारलं, "काय म्हणत्यात?"

मी म्हणालो, "काय नाही, जुनंच काहीतरी."

तो कढईत बघत राहिला. दूध आता रवाळ झालं होतं आणि आवाज बदलला होता. बुडबुड्यांची बारीक टपटप थांबून जाड, घोगरा फदफदाट सुरू झाला होता.

अभिनेता स्वतः दिग्दर्शक झाला की स्वतःला जिंकवतो, हा माझा सिद्धान्त तसा फार टिकणारा नाही हे मलाही ठाऊक आहे. स्टॅलननं साठीला आल्यावर २००६ मध्ये 'रॉकी बाल्बोआ' केला. दिग्दर्शक तोच, नायक तोच, आणि त्यात तो गुणांवर हरला. तीस वर्षांनी त्याला ते जमलं. आणि इतकं लांब जायचंही कारण नाही. व्ही. शांताराम १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' करत होते. दिग्दर्शक ते, नायक जेलरही तेच. सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन शेती करायला लावणारा जेलर. गोष्ट ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला चालवलेली खरीखुरी मुक्त वसाहत. डेमियनसारख्यांसाठी कुणीतरी बांधलेलं गाव म्हणा ना. त्या सिनेमाच्या शेवटी जेलर बैलांशी झुंजतो आणि मरतो. चित्रीकरणात बैलाच्या धडकेनं शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरची इजा झाली, दृष्टी जायची वेळ आली होती. स्वतःच मांडलेल्या कुस्तीत त्यांनी स्वतःला खाली घातलं, आणि बैलाला नूरा कळत नाही. पुढच्या वर्षी बर्लिनला त्या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं.

तरी जॉर्डनला एका गोष्टीसाठी पैकीच्या पैकी दिले पाहिजेत. शेवटची लढत लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर आहे. हजारो माणसं, दिवे, आरोळ्या. आणि मधेच सगळी माणसं नाहीशी होतात. रिकामं मैदान, धुकं, दोघंच. रिंगणाच्या दोऱ्यांचे तुरुंगाचे गज होतात. जॉर्डनला जपानी अ‍ॅनिमे मालिकांचं वेड आहे, ही युक्ती त्यानं तिथून आणली असं लोक म्हणतात. असेल. मला भीती वाटत होती की माझा मित्र इथं हसेल. तो एकदम पुढे सरकला.

"हां. आता बराबर. फडात असंच होतं. हलगी ऐकूच येत नाही."

"खरंच?"

"तुला येत होती का?"

मला येत होती. म्हणून तर मी कधी रेवड्यांच्या कुस्त्यांच्या पुढे गेलो नाही. हलगीही ऐकू यायची, वस्तादांच्या शिव्याही, आणि मैदानाच्या कडेला कोण बसलंय तेही दिसायचं.

या सिनेमात अ‍ॅडोनिसची लेक जन्मापासून ऐकू न येणारी आहे. ती भूमिका करणारी मिला डेव्हिस-केंट ही मुलगीसुद्धा खरोखर बहिरी आहे. घरात सगळे हातांनी बोलतात. बाप दिवसभर हातानं मारून येतो आणि संध्याकाळी त्याच हातांनी पोरीला गोष्ट सांगतो. ते घरातले प्रसंग मी मित्राला समजावत नव्हतो, कारण तिथं भाषांतराची गरजच नव्हती. तो माझ्याआधी हसत होता. इतर ठिकाणी मात्र त्याला जे कळलं ते मी सांगितलं तेवढंच. म्हणजे त्या रात्री भट्टीवर अजून एक दिग्दर्शक बसला होता.

आणि आत्ताही तोच लिहितोय. चांगले संवाद मी मित्राला दिले आहेत, जॉर्डननं मेजर्सला दिले तसेच. शेवट माझ्या हातात ठेवला आहे. चौथ्या खाटेची गोष्ट मी सांगितली खरी, पण ती सांगून मी किती प्रामाणिक आहे हेही सांगून घेतलं. खांबावर सूर मारायचे अनेक प्रकार असतात.

सिनेमा संपायला आला. डेमियन बाराव्या फेरीत पडला. मग दोघं कपडे बदलायच्या खोलीत शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना म्हणतात की चूक तुझी नव्हती. एवढंच. ही मिनिटं मला हळवी वाटली, आणि घाईचीही. अठरा वर्षांचा हिशोब इतक्या पटकन मिटत नसतो.

"काय म्हणाले?" मित्र म्हणाला.

या वेळी मी सगळं सांगितलं. तेही सांगितलं जे मघाशी गाळलं होतं. तुरुंगातून पत्रं लिहिली होती, याला ती मिळाली नाहीत, कुणीतरी लपवून ठेवली होती.

"आस्सं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तुला तर मिळाली व्हती."

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यानं मान हलवली. मोबाइलवर नावांची यादी वर सरकत होती. त्यानं जाळातलं एक लाकूड मागं ओढलं, कढईतलं बघितलं, आणि मी काहीतरी बोलणार एवढ्यात म्हणाला, "तू लिवणार हाईस ना ह्याच्यावर?"

"पिक्चरवर. लिहायचं ठरलंय."

"लिव. माझं नाव घालू नगं. अन् भट्टीत लई धूर दाखवू नगं, लोक खवा घ्यायचे न्हाईत."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आधीचा माल न्यायला आला होता. तो उठला, उलथणं माझ्या हातात दिलं, आणि मला खांद्याला धरून आपल्या जागेवर, जळणाच्या ओंडक्यावर बसवलं.

"हलवत ऱ्हा. थांबला की लागतं."

तो वजन करायला गेला. टेम्पोवाल्याशी त्याचं भावावरून जुंपलं आणि ते बराच वेळ चाललं. मी हलवत होतो. पहिली पाच मिनिटं बरी गेली, मग दंड दुखायला लागले, मग धुरानं डोळ्यांना धार लागली. मोबाइल वाजला म्हणून मी एकदा, एकदाच, तिकडे बघितलं.

तो परत आला तेव्हा वास आधीच सुटला होता. त्यानं काही न बोलता कढई उतरवली, करपलेला तेवढा भाग बाजूला काढला, बाकीचा परातीत ओतला. मग करपलेल्यातला एक गोळा वळला, केळीच्या पानात बांधला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"ह्यो तुझा. पुण्याला ने."